पाठमोरा पास्कू

पास्कूच्या मातीला पोलीस आले होते. राजोडीच्या चर्चमध्ये मिस्सा चालू होती आणि हे दोघे मागच्या दाराशी टोप्या हातात धरून उभे. एक वर्दीत, एक साध्या कपड्यांत. बायकांच्या रांगेत लगेच कुजबुज सुरू झाली. ड्रायव्हर माणूस, काहीतरी केस राहिली असणार, आता मेल्यावर घरच्यांना त्रास, वगैरे वगैरे. मी मात्र दोघांनाही ओळखलं. वर्दीतला चारोटीच्या अलीकडे नाकाबंदीला असायचा. साध्या कपड्यांतला गुजरातच्या हद्दीतला. तो रजा टाकून, गाडी पकडून एवढ्या लांब आला होता.

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी पहिला विचार आला तो असा, की माझ्या मयताला कोण येईल? स्टँडवरचे चार ड्रायव्हर येतील आणि तेही घड्याळ बघत उभे राहतील. पोलीस आलाच तर बाहेर चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांना जॅमर लावायला येईल. शवपेटीतल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तसा हेवा जुनाच. मी उमेळ्याचा. आमच्या केळीच्या वाडीवर जी इमारत उभी राहिली, तिच्याच पार्किंगमध्ये माझी व्हॅन लागते. पास्कू राजोडीचा, कोळ्याचा मुलगा. बापाची होडी होती, ती मोडल्यावर ह्याने गाडी घेतली. वसई स्टेशनबाहेरच्या स्टँडवर आम्ही वीसेक वर्षं शेजारीशेजारी गाड्या लावल्या. दोघांच्याही पांढऱ्या व्हॅन, दोघांच्याही पिवळ्या पाट्या, आणि गाडी धुण्यात तर मी त्याच्या दोन पावलं पुढेच. कागद म्हणाल तर परमिट, पीयूसी, इन्शुरन्स, सगळं मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवायचो. पास्कूचे कागद सीटखालच्या बिस्किटाच्या डब्यात असायचे. तरी थांबवायचे मला.

हायवेवर पोलीस दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो, तोंड कोरडं पडतं आणि मी सरळ समोर बघायला लागतो, जणू मला पोलीस दिसलाच नाही. त्यालाच नेमका मी दिसतो. पास्कूचं उलट. नाका दिसला की त्याचा हात खिशातल्या कंगव्याकडे जायचा. डोक्यावर केस असे नव्हतेच, कानांवर थोडी झालर होती. ती तो दोन्ही बाजूंनी नीट बसवायचा. मग शर्टाचं वरचं बटण लावायचा. त्याला बघून मागे बसलेल्या बायका पदर सारखे करायच्या, पुरुष पाय खाली घ्यायचे, पोरांची नाकं पुसली जायची. सगळी गाडी आवरून बसायची.

आणि मग तो स्वतःच थांबायचा. कुणी हात करायच्या आधी, शिट्टी वाजायच्या आधी, डावीकडे गाडी घेऊन इंजिन बंद. खाली उतरायचा, मागचं दार वर उचलायचा आणि चालत पोलिसाकडे जाऊन विचारायचा, "सायेब, बगायचं काय?"

बहुतेक वेळा साहेब हात हलवून म्हणायचे, "जा हो काका, कशाला उतरता?" मग पास्कू दोन मिनिटं तिथेच रेंगाळायचा. सांगलीकडच्या हवालदाराच्या आईचा गुडघा कसा आहे, नव्या शिपायाला क्वार्टर मिळाली का, मागच्या खेपेला ताप होता तो उतरला का. त्याला सगळं आठवायचं. मला माझ्या धाकट्या मेहुण्याच्या मुलांची नावं आठवत नाहीत.

"आपल्याला वेळ नसतो का रे?" मी एकदा चिडून विचारलं. "ज्याने थांबवलंच नाही, त्याच्यापाशी तू थांबतोस."

"नंदू," तो म्हणाला, "त्यानं हात केला की तो मोठा झाला आनि आपन बारीक झालो. मग आपन काय पन बोललो तरी बारीकच. आपन आदीच थांबलो तर दोगं पन मानसं."

सांगायला सोपं आहे. मला ते तेव्हाही राग आणणारं वाटलं.

दमणची गोष्ट सांगितल्याशिवाय पास्कू कळायचा नाही. माझ्या बायकोच्या माहेरचा मोठा गोतावळा, नवीन वर्षाच्या सुमाराला दमणला जायचं ठरलं. दोन गाड्या लागणार होत्या. एक माझी, हे उघडच होतं. दुसरीसाठी बायको म्हणाली, "पास्कूभावजींना विचारा." विचारलं. निघताना बघतो तर माझी सासू, दोन्ही मेहुण्या आणि सगळी पोरं पास्कूच्या गाडीत जाऊन बसलेली. माझ्या गाडीत कोण, तर मेहुणे आणि त्यांचे मित्र. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "जावईबापू, रागवू नका हं, ह्यांच्या गाडीत गार वाटतं." दोन्ही गाड्यांत एसी नव्हता.

दमणहून परत यायचं म्हणजे मध्ये गुजरात ओलांडायचा. दमणला दारू वाहते आणि गुजरातला बंदी. त्यामुळे दमणच्या बाहेर पडलं की लगेच तपासणी. ह्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की मागे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी पिशवीत कायतरी आहेच. मी नेहमीसारखं मागे वळून विचारलं, "कुणाकडे काही नाही ना?" सगळे एका सुरात म्हणाले, "छे!" धाकट्या मेहुण्याने तर गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तपासणीच्या अलीकडे, माडांच्या रांगेपाशी पास्कूने गाडी बाजूला घेतली. मलाही थांबावं लागलं. त्याने दोन्ही गाड्यांतल्या सगळ्यांना खाली उतरवलं. मागचं दार उघडून सामान मोकळं केलं. मग म्हणाला, "ज्याचं काय असंल ते त्या माडाखाली ठेवा. मी कोनाचं बगत नाय. तुमी पन एकमेकाचं बगू नका." एवढं बोलून तो रस्त्याच्या कडेला गेला, हात पाठीमागे बांधले आणि शेताकडे तोंड करून उभा राहिला. चर्चमधलं कसलंतरी गाणं गुणगुणत होता. मागे पिशव्यांच्या चेना वाजत होत्या, काचेवर काच आपटत होती, कुणीतरी दबक्या आवाजात "अहो, ते पण" म्हणालं, पण ह्याची मान तसूभर हलली नाही. गाणं पूर्ण झालं तसं विचारलं, "झाला?" कुणीतरी "हो" म्हणालं, आणि मगच तो वळला. माडाखाली काय जमलं होतं, तिकडे बघायचं सोडून तो थेट गाडीत जाऊन बसला.

मी बघितलं. माझ्या सासूबाईंनी माडाखाली काय ठेवलं तेही मी बघितलं. सर्दीवर चांगली म्हणून घेतली होती, असं त्या नंतर म्हणाल्या.

पास्कूची गाडी तपासणीतून गार हवेसारखी निघून गेली. माझ्या गाडीत धाकट्या मेहुण्याच्या तान्ह्या मुलीची दुधाची बाटली निघाली, लोकरीच्या कव्हरातली. शिपायाने कव्हर काढलं, तर आत दुधाऐवजी दारू. मुलगी पास्कूच्या गाडीत होती आणि तिची बाटली माझ्या गाडीत का, एवढा साधा प्रश्न मला पडायला हवा होता, पण नाही पडला. आम्ही दुपार तिथे बाकड्यावर काढली. पास्कू निघून गेला असता तर मला बरं वाटलं असतं. तो परत फिरला, आमच्या शेजारी बाकड्यावर येऊन बसला आणि वरच्या साहेबाशी पोरीच्या दुधाबद्दल, बापाच्या अकलेबद्दल इतकं खरं खरं बोलला, की साहेबाला हसू आलं. बाटली ओतली गेली, मेहुण्याला चांगला दम मिळाला आणि आम्ही सुटलो.

घरी आल्यावर बायकोने सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं, "पास्कूभावजी होते म्हणून." मी सोबत होतो, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

आता ज्या गोष्टीने मला खरं जाळलं, तिकडे येतो. अॅपवरच्या गाड्या आल्या आणि आमचा स्टँड बसायला लागला. दिवसदिवस भाडं नाही. अशात बातमी आली, की सीमेपलीकडच्या एका कंपनीतले काही साहेब लोक वसई-विरारला राहतात, त्यांना रोज सकाळी न्यायला आणि संध्याकाळी आणायला एक व्हॅन कायमची हवी आहे. कायमची! आमच्या धंद्यात हा शब्द देवळातल्या घंटेसारखा वाजतो. मला ती गाडी हवी होती. थोरल्या मुलीचं कॉलेज सुरू होतं, बायकोने शिवणाचं मशीन पुन्हा माळ्यावरून काढलं होतं. इतकं मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

कंपनीने दोघांना बोलावलं, मला आणि अर्थातच पास्कूला. एक आठवडा त्याने न्यायचं, एक आठवडा मी. लोक वेळेवर पोचले पाहिजेत, एवढीच अट.

पास्कूचा आठवडा आधी झाला. रोज वेळेवर. मी मनात म्हटलं, त्यात काय आहे? हा थांबतो तसं आपणही थांबायचं. माझ्या पहिल्याच सकाळी सीमेवरचा नाका दिसला तसा मी कंगवा काढला, केस विंचरले. माझे केस भरपूर आहेत, त्यामुळे वेळ जरा जास्त लागला. गाडी डावीकडे घेतली, उतरलो, मागचं दार उघडलं आणि शिपायाकडे चालत गेलो. तोंडाला कोरड. पास्कूचं वाक्य घोकत गेलो होतो, पण ओठांवर भलतंच आलं.

"साहेब, काही नाही हां गाडीत. काहीच नाही."

शिपाई माझ्याकडे बघत राहिला. "किसने पूछा?"

"नाही, म्हटलं… आपणहून…"

"साइड में लो."

त्यांनी सीटा उचलल्या. स्टेपनी काढली. साहेब लोकांचे जेवणाचे डबे उघडले, लॅपटॉपच्या बॅगा रस्त्यावर मांडल्या. इस्त्रीचे कपडे घातलेली ती मंडळी उन्हात रांगेत उभी, आणि मी त्यांच्यासमोर माझं प्लास्टिकचं पाकीट छातीशी धरून. कंपनीत पोचलो तेव्हा शिफ्ट केव्हाच सुरू झाली होती. उतरताना त्यातला एक साहेब, माणूस वाईट नव्हता, हळूच म्हणाला, "नंदू, पास्कूकाकांचं असं होत नाही."

आठवडा संपायची वाट कुणी बघितलीच नाही. गाडी पास्कूला मिळाली.

त्याने मला चहाला बोलावलं. मी गेलो नाही. तोच दोन ग्लास घेऊन माझ्या गाडीपाशी आला. "तू 'काय नाय' बोललास ना?" त्याने विचारलं. कुठून कळलं कोण जाणे, त्याला सगळ्या नाक्यांवरचं कळायचं. "ते बोलायचं नाय. ते बोललं की तो बगनारच. आपन त्याला इचारायचं. बगायचं की नाय ते त्याला ठरवू द्यायचं."

"तू तुझं बघ," मी म्हणालो. चहा पिऊन टाकला, तो चांगला होता म्हणून.

पुढची काही वर्षं मी रोज सकाळी त्याची गाडी भरून निघताना बघितली. निर्मळच्या जत्रेला, लग्नसराईला, शाळेच्या सहलीला, पडेल ते भाडं मी मारलं. मुलीचं कॉलेज झालं, बायकोच्या मशीनने ते केलं असं म्हणायला हवं. पास्कूच्या गाडीतल्या लोकांनी त्याच्या वाढदिवसाला केक कापला, तोही स्टँडवर, माझ्या बॉनेटवर ठेवून, कारण त्याच्या बॉनेटला उतार होता. मला एक तुकडा दिला. गोड जास्त होता.

मग एक दिवस पास्कू आला आणि किल्ली हातात नुसतीच फिरवत उभा राहिला. म्हणाला, डोळ्यांत काचबिंदू निघालाय. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं हळूहळू जातंय.

"डॉक्टरने गाडी बंद करायला सांगितली?"

"अजून नाय. पुढच्या खेपेला सांगंल. मीच कंपनीत सांगून आलो, या म्हैन्यापासून मी नाय."

म्हणजे इथेही हा हात दाखवायच्या आधीच डावीकडे घेऊन मोकळा. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या मागोमाग लगेच विचार आला, की मला असं थांबता आलं असतं का? मी तर आंधळा होईपर्यंत चालवली असती, आणि वर समोरच्याला शिव्या घातल्या असत्या.

"तुजं नाव दिलंय," तो म्हणाला.

मी भडकलो. वर्षानुवर्षं जे हवं होतं ते समोर आलं आणि मला ते त्याच्या हातून नको होतं. "उपकार नकोत मला. स्टँडवर दहाजण आहेत. मलाच का?"

पास्कू हसला. "दहाजन हायत, पन इतकी वर्सं माज्यावर डोला ठेवून तूच हायस. मी कुटं थांबतो, काय बोलतो, कवा कंगवा काडतो, सगला तुला ठावं. दुसऱ्याला पयल्यापासून कोन शिकवत बसंल?"

त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्याने कधी वळून बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो माझ्या शेजारच्या सीटवर बसून आला. मागे तेच साहेब लोक. पहिल्या वेळेचे डबे आणि लॅपटॉप कुणी विसरलं नव्हतं, गाडीत कुणी फारसं बोलत नव्हतं. आज पुन्हा तसंच झालं तर ही गाडीही गेली, आणि या वयात दुसरी मिळणार नव्हती. तलासरी गेलं तसे माझे तळवे ओले झाले. मी मनात ठरवलं होतं, की पास्कू उतरेल, 'हा आपला मानूस' म्हणून माझी ओळख करून देईल आणि मी मान खाली घालून उभा राहीन. अपमान होता, पण काम होणार होतं.

नाका दिसला. पास्कूने खिशातून कंगवा काढून माझ्यापुढे धरला. मी केस विंचरले. गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं. पास्कू उतरला. मीही उतरलो, मागचं दार वर केलं आणि त्याची वाट बघत थांबलो.

तो नाक्याकडे गेलाच नाही. रस्त्याच्या कडेला गेला, हात पाठीमागे बांधले आणि गवताकडे तोंड करून उभा राहिला. तेच गाणं गुणगुणायला लागला.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दमणच्या माडापाशी त्याने जे सगळ्यांना दिलं होतं, ते तो मला देत होता. माझं काय होतं ते तो बघणार नव्हता.

मी चालत गेलो. शिपाई ओळखीचा नव्हता, पण शेजारच्या खुर्चीवर त्याचा साहेब होता, आणि त्याने लांबूनच ती पाठ ओळखली. "अरे, वो पास्कूकाका है ना? क्या हुआ उनको?"

तेवढं एक 'हो' म्हटलं असतं तर गाडी सुटली असती. ते 'हो' जिभेवर होतं. 'काही नाही'सुद्धा जिभेवर होतं. दोन्ही गिळली.

"आजसे गाडी मैं चलाता हूं, साहेब," मी म्हणालो. "देखना है क्या?"

साहेब उठला. माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला, आत डोकावला, मागच्या मंडळींकडे बघितलं, स्टेपनीवर दोन बोटं वाजवली. मग त्याने स्वतःच्या हाताने मागचं दार खाली ओढून लावलं. "नाम क्या है?"

"नंदू."

"ठीक है नंदूभाई. जाओ."

मागे कुणीतरी श्वास सोडलेला ऐकू आला. मी पास्कूकडे बघितलं. त्याला दार लागल्याचा आवाज आला असणार, साहेबाचं बोलणं आलं असणार. तरी तो वळला नव्हता. चौकड्यांचा शर्ट खांद्यांपाशी ओला झालेला, मागे बांधलेल्या हातांत कंगवा, आणि गाणं अजून संपलेलं नव्हतं.

त्यानंतर तो माझ्या गाडीत पुन्हा बसला नाही. त्याच वर्षी गेला.

आता नाक्यावर मला नंदूभाई म्हणतात. चारोटीच्या हवालदाराच्या मुलीचा दहावीचा निकाल मी लक्षात ठेवतो. रविवारी कधी दमणचं भाडं लागलं, की त्याच माडापाशी गाडी थांबवतो, सगळ्यांना उतरवतो, पास्कूचीच वाक्यं बोलतो, हात पाठीमागे बांधतो आणि शेताकडे तोंड करून उभा राहतो. सगळं त्याच्यासारखं. फक्त मागे पिशवीची चेन वाजली, की माझी मान वळते. दर वेळी ठरवतो, आणि दर वेळी वळते.